मुलीला रोज एसटीनं कॉलेजला पाठवू की घरीच ऑनलाइन डिग्री करू दे?

प्रश्न विचारणारे दादा कोइमतूरला गलाईचं दुकान चालवतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, आमच्या माण-खटाव-आटपाडी पट्ट्यातली माणसं या धंद्यापायी देशभर पसरलेली आहेत. दादांची मुलगी गावाकडं आज्जीजवळ राहते, यंदा बारावी सायन्स पास झाली. कॉलेज गावापासून २८ किलोमीटर. त्यांचं म्हणणं असं, की आता ऑनलाइन डिग्रीला रेग्युलरइतकीच किंमत आहे, मोबाइलवर सगळं शिकता येतं, दहा वर्षांत सगळी विद्यापीठं ऑनलाइनच होतील, मग पोरीला रोज एसटीत हेलपाटे कशाला मारायला लावू? आणि विद्यापीठं तरी या इमारती कशाला सांभाळत बसलीत?

मी याच भागातल्या एका अनुदानित कॉलेजात २६ वर्षं केमिस्ट्री शिकवतेय. त्यातली ११ वर्षं रविवारी त्याच इमारतीत मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राची केंद्र संयोजक म्हणूनही काम केलं. म्हणजे सोमवार ते शनिवार अठरा-वीस वर्षांची रेग्युलरची पोरं आणि रविवारी नोकरी-संसार सांभाळून शिकणारी मोठी माणसं, दोन्ही मी जवळून बघितलीत. आणि कोरोनात दीड वर्षाहून जास्त काळ मोबाइलसमोर बसून शिकवलंय, ते वेगळंच.

उत्तर आधीच सांगून टाकते. मुलीला कॉलेजला पाठवा. आणि विद्यापीठांनी कॅम्पस गुंडाळून ऑनलाइन जावं का, तर माझं ठाम उत्तर 'नाही' असं आहे, निदान आपल्याकडच्या पदवीच्या पोरांसाठी तरी. ऑनलाइन शिकणं वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते कुणाला फळतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तुम्ही ऐकलंय ते खोटं नाहीये. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगानं, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची धरायची. पण नियम इथंच संपत नाहीत. इंजिनीअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, लॉ, ॲग्री असले कोर्स ऑनलाइन चालवायला परवानगीच नाही, आणि ज्या कोर्सला लॅबचं प्रॅक्टिकल लागतं तेही त्यात बसत नाहीत. म्हणजे मुलीला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करायचं असेल तर ते मोबाइलवर होणारच नाही, तिला बीए, बीकॉम, बीसीए असं काहीतरी निवडावं लागेल. आता तिला मनापासून बीकॉम करायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण कॉलेज २८ किलोमीटरवर आहे एवढ्या कारणासाठी पोरीचा विषय बदलायचा का, हे आधी तिला विचारा. तिला विचारलंय का, हे तुमच्या प्रश्नात कुठंच आलेलं नाही म्हणून म्हणते.

आता रविवारच्या माणसांबद्दल. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकला १९८९ मध्ये सुरू झालं, ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी', आणि ते वाक्य खरं होताना मी बघितलंय. आमच्या केंद्रावर एसटीचे कंडक्टर यायचे, सुटीवर आलेले फौजी यायचे, पतसंस्थेतले क्लार्क यायचे. एक अंगणवाडी ताई होत्या, दहावीच्या आधीच लग्न झालेलं, त्यांनी पूर्वतयारीचा कोर्स केला आणि मग बीए. त्यांचं पुस्तक मला आठवतंय, निळ्या पेनानं एकदा आणि लाल पेनानं दुसऱ्यांदा अधोरेखित केलेलं, मधल्या पानाला हळदीचा डाग. त्यांना का शिकायचंय हे पक्कं ठाऊक होतं, पुढच्या पदासाठी डिग्री लागणार होती आणि त्याहून जास्त म्हणजे अर्धवट सुटलेलं शिक्षण मनात सलत होतं. अशा माणसाला पुस्तक द्या, रेकॉर्डिंग द्या, काहीही द्या, ते शिकतंच. आणि तरीसुद्धा त्या प्रत्येक संपर्क सत्राला यायच्या, हजेरीची सक्ती नसताना. मी एकदा विचारलं, ताई एवढ्या उन्हात कशाला येता, तर म्हणाल्या, "मॅडम, घरी पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारतंय. इथं तीन तास मला कुणी हाक मारत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडं मी परत येणार आहे.

बाहेरच्या देशांतसुद्धा हाच अनुभव आहे. ब्रिटनची ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ची, दूरस्थ शिक्षणातलं सगळ्यात मोठं नाव. पण त्यांनी सायन्स शिकवताना नुसती पुस्तकं आणि टीव्हीवरचे तास यावर भागवलं नाही, विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगाच्या पेट्या पाठवल्या, त्यात छोटा मायक्रोस्कोपसुद्धा असायचा, आणि उन्हाळ्यात आठवडाभर एखाद्या कॅम्पसवर बोलावून लॅब करून घेतली. अमेरिकेत २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीनं उडॅसिटी या ऑनलाइन कोर्सच्या कंपनीबरोबर गणित आणि स्टॅटिस्टिक्सचे कोर्स ऑनलाइन करून बघितले. पहिल्या सत्रात इतकी मुलं नापास झाली की काही महिन्यांतच ते थांबवून फेरविचार करावा लागला. उन्हाळ्याच्या सत्रात निकाल सुधारला, पण त्या वेळी बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांकडं आधीच पदवी होती. याच्या उलट जॉर्जिया टेकनं २०१४ पासून कॉम्प्युटर सायन्सची मास्टर्स ऑनलाइन दिली, ती उत्तम चालली, फीसुद्धा कॅम्पसच्या मानानं खूप कमी. तिथं येणारे बहुतेक जण नोकरी करणारे आणि पदवी झालेले. आपल्याकडं आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स २०२० मध्ये निघाला, चांगला आहे, मी स्वतः दोन-तीन पोरांना सुचवलाय, पण त्याच्यासुद्धा परीक्षा सेंटरवर जाऊन समोरासमोर द्याव्या लागतात.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं, की ज्याला कसं शिकायचं हे आधीच येतं त्याला ऑनलाइन फळतं. आणि कसं शिकायचं हे शिकायला जागा लागते, सोबत लागते, समोर एक माणूस लागतो. आपल्या एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात बसणारी पोरं त्या टप्प्यावर असतात. बरीचशी घरातली पहिलीच कॉलेजला आलेली. त्यात बारावी सायन्सची आपली अवस्था तुम्हाला माहितीच आहे, कॉलेजात ॲडमिशन फक्त नावाला आणि पोरं दिवसभर नीट-सीईटीच्या क्लासला, त्यामुळं दरवर्षी माझ्याकडं अशी मुलं येतात ज्यांना केमिस्ट्रीत नव्वदच्या वर मार्क आहेत आणि ज्यांनी आयुष्यात ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबानं द्रव सोडून मोजायची काचेची नळी, हातात धरलेली नाही.

ब्युरेटचंच सांगते. एफवायचं पहिलं प्रॅक्टिकल, साधं ॲसिड-बेस टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबानं बेस सोडून ॲसिड किती आहे ते मोजायचं. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, कोनिकल फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजून घेतलेलं १० मिली ॲसिड, त्यात रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, खाली पांढरी टाइल. डाव्या हातानं स्टॉपकॉक, म्हणजे ब्युरेटची चावी, सांभाळायचा आणि उजव्या हातानं फ्लास्क गोल फिरवायचा, एकाच वेळी. थेंब पडतो तिथं गुलाबी ठिपका उमटतो आणि फिरवलं की विरतो. पुढं पुढं तो विरायला वेळ लागायला लागतो. इथं पोरगी श्वास रोखून धरते. मग एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी रंग येतो आणि अर्धा मिनिट टिकतो, तो एंड पॉइंट. एक थेंब जास्त गेला की गडद गुलाबी, मग फ्लास्क ओतायचा, धुवायचा आणि पहिल्यापासून. फिकट म्हणजे किती फिकट, हे जगातल्या कुठल्याही व्हिडिओत सांगता येत नाही. मी पोरीच्या शेजारी उभी राहते आणि म्हणते, अजून नाही, अजून नाही, थांब, आता बघ. तिसऱ्या-चौथ्या वेळी तिचा हात आपोआप थांबतो, मी न सांगता. तीन रीडिंग सारखी यायला पाहिजेत, मग सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणून लिहायचं. आणि शेजारच्या टेबलावर सगळ्यांचं ९.८ आलंय आणि माझं १०.३ आलंय तर काय लिहायचं? जे आलं तेच लिहायचं. माझ्या दृष्टीनं सायन्सचा पहिला धडा हा आहे आणि तो त्या टेबलाशी उभं राहूनच मिळतो.

दादा, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुमच्या दुकानात नवीन पोरगं येतं तेव्हा मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, भट्टीतून कधी उतरवायची, मळ काढायला टाकणखार किती टाकायचा, वितळलेल्या सोन्याच्या रंगावरून काय ओळखायचं, हे ते कुठं शिकतं? तुमच्या शेजारी बसून. तुम्हीसुद्धा मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात दोन-तीन वर्षं भट्टीजवळ घाम गाळूनच शिकला असणार, आणि नुसते व्हिडिओ बघून आलेल्या पोराच्या हातात गिऱ्हाइकाचं सोनं तुम्ही देणार नाही. केमिस्ट्रीचं तेच आहे, आणि अकाउंट्स, मराठी, इतिहास यांचंसुद्धा थोडंफार तेच आहे. कारण वर्गात प्रश्न विचारायला धीर लागतो आणि तो धीर आपण एकदा हात वर केला, चुकलो, आणि कुणी हसलं नाही हे अनुभवल्यावरच येतो.

आता लॉकडाऊनचं. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं आणि आम्ही सगळे महिन्याभरात गुगल मीट, झूम शिकलो. मला पहिले चार-सहा महिने वाटत होतं की बरं चाललंय. सिलॅबस वेळेत, स्लाइड सुंदर, वर्गातली गडबड नाही. पोरं कुठून कुठून जॉइन व्हायची. एसवायचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, एक मुलगा तमिळनाडूत काकाच्या गलाईच्या दुकानातून लॉगिन करायचा, मागं भट्टीच्या ब्लोअरचा आवाज यायचा म्हणून कायम म्यूट. एक दिवस मी त्याला नाव घेऊन प्रश्न विचारला तर चॅटमध्ये लिहिलं, मॅडम गिऱ्हाईक आहे. तो नंतर परत आलाच नाही, दुकानातच राहिला. हुशार होता, एमएस्सी झाला असता. मुलींचं वेगळं. एका मुलीचा माइक चुकून चालू राहिला आणि भाकरी थापल्याचा आवाज सगळ्या वर्गानं ऐकला, तिनं तो तास भाकरी करत करत कानात इअरफोन घालून ऐकला होता. घरच्यांच्या दृष्टीनं पोरगी घरात आहे म्हणजे मोकळी आहे. आई रानात, मग घरचं कोण बघणार? मी तिला काय बोलणार होते? अंगणवाडी ताई म्हणाल्या होत्या ना, घरी पुस्तक उघडलं की कुणीतरी हाक मारतंय. तिशीतल्या बाईला निदान मी तीन तास जाते म्हणून सांगायची ताकद आलेली असते. अठरा वर्षांच्या मुलीला ती नसते. तिच्यासाठी कॉलेजला जाते हे वाक्यच तिची ढाल आहे. बस सकाळी सव्वासातला सुटते, त्यामुळं सव्वासातच्या पुढं तिला कुणी भांडी घासायला बसवत नाही. ऑनलाइन केलं की ही ढाल गेली.

फोनचं आणि नेटवर्कचं तर किती सांगू. लॉकडाऊनच्या आधी, २०१७-१८ मध्ये एनएसएसओ या सरकारी संस्थेची शिक्षणावरची पाहणी झाली होती, त्यात देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम ४ टक्क्यांकडं कॉम्प्युटर होता आणि साधारण १५ टक्क्यांकडं इंटरनेटची सोय. त्यानंतर मोबाइल पुष्कळ वाढले हे खरंय, पण घरात फोन असणं आणि तो पोरीच्या हातात तीन तास असणं यात फार अंतर आहे. आमच्याकडं एक फोन, तीन भावंडं, आणि वडील तो घेऊन रानात गेले की तास बुडाला. पाण्याच्या टाकीवर, माळावर, देवळाच्या कट्ट्यावर रेंज शोधत बसलेली पोरं मी स्वतः बघितलीत, स्कूटीवरून वह्या द्यायला जायचे तेव्हा.

आणि सगळं बरं चाललंय हा माझा समज कधी मोडला तेही सांगते. ऑनलाइन जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वह्यांचं, सबमिशन घेतलं. पोरांनी स्कॅन करून पीडीएफ पाठवल्या. तपासताना एकाच्या टायट्रेशनच्या रीडिंगला लिहिलेलं दिसलं ८.९६. आता ब्युरेटवर ०.१ मिलीच्या रेघा असतात, दोन रेघांच्या मधोमध आहे असं अंदाजानं म्हणता येतं, पण ८.९६ असं वाचताच येत नाही. मी पुढची फाइल उघडली, ८.९६. त्याच्या पुढची, ८.९६. एकेचाळीस जर्नलमध्ये ८.९६. कुणीतरी कुठूनतरी उचललं आणि ग्रुपवर टाकलं, बाकीच्यांनी सुंदर अक्षरात उतरवून काढलं. मला त्यांचा राग आला नाही, ज्यांनी ब्युरेट बघितलीच नाही त्यांना हे चूक आहे हे कळणार तरी कसं? पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढं लॅब उघडल्यावर टीवायची पोरं पिपेट धरायला बिचकत होती. तिसऱ्या वर्षाला! सॉल्ट ॲनालिसिसला कॅल्शियमची विटकरी आणि बेरियमची पोपटी ज्योत त्यांनी फक्त स्क्रीनवर बघितलेली. व्हर्च्युअल लॅब म्हणून सरकारी साइट आहे, चांगली आहे, प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी आजही पोरांना ती बघून यायला सांगते. पण तिथं क्लिक केलं की रीडिंग बरोबरच येतं, हात थरथरत नाही, काच फुटत नाही, डोळ्याला चुकतंय का बरोबर हे ठरवावं लागत नाही.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. सुप्रीम कोर्टानं २८ ऑगस्ट २०२० ला सांगितलं की परीक्षा न घेता शेवटच्या वर्षाच्या मुलांना पास करता येणार नाही, मग घाईघाईनं ऑनलाइन एमसीक्यू पेपर झाले. घरी बसून, ग्रुपवर उत्तरं फिरवून. कधी नव्हे एवढे मार्क पडले, आणि ज्या पोरांनी खरोखर अभ्यास केला होता त्यांना त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण इंटरव्ह्यूला गेल्यावर समोरचा विचारायचा, कोरोना बॅचचे का तुम्ही?

मग ऑनलाइनचा उपयोग नाही का? भरपूर आहे, मी रोज करते. एनपीटीईएल हा ऑनलाइन लेक्चरचा उपक्रम आयआयटी आणि आयआयएस्सीनं २००३ पासून चालवलाय, स्वयम् ही सरकारची ऑनलाइन कोर्सची साइट २०१७ पासून आहे, आणि त्यातले काही प्राध्यापक इतकं सुंदर शिकवतात की मी स्वतः क्वांटम केमिस्ट्रीचा कोर्स वयाच्या पंचेचाळिशीत परत केला आणि कॉलेजात असताना न कळलेल्या गोष्टी तेव्हा कळल्या. वर्गात मी काय करते, तर स्पेक्ट्रोस्कोपीचं आयआयटीतलं लेक्चर प्रोजेक्टरवर लावते आणि दर पाच-सात मिनिटांनी पॉज करून मराठीत विचारते, आता हे काय म्हणाले? इंग्रजीचा अडसर तिथंच फुटतो. हेच लेक्चर पोरांना घरी बघायला सांगितलं होतं तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बघितलं म्हणून सांगितलं आणि कुणालाही काही सांगता येईना. लेक्चर तेच, पोरं तीच, फरक फक्त मधे थांबवून विचारण्याचा.

यात मला एक भीती वाटते ती उघड बोलते. यूजीसीनं २०२१ मध्ये नियम केला, की एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् वरून करता येतील. जिथं एखाद्या विषयाला शिक्षकच नाही तिथल्या पोरांसाठी हे वरदान आहे. पण आमच्या डिपार्टमेंटला मंजूर पदं आठ, भरलेली तीन, बाकी सगळं तासिका तत्त्वावरच्या पोरा-पोरींवर चाललंय, नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, पीएचडी झालेली ही मुलं तासावर पैसे घेऊन राबतात आणि ते पैसेही वेळेवर मिळत नाहीत. अशा वेळी कुणीतरी म्हणणारच, की पदं कशाला भरता, स्वयम् आहे की! ऑनलाइन ही सोय म्हणून आली तर मी तिचं स्वागत करीन, पण शिक्षकांच्या रिकाम्या खुर्च्यांवर टाकलेलं पांघरूण म्हणून आली तर तिला विरोध करायलाच पाहिजे. तसं झालं तर शहरातल्या, पैसेवाल्यांच्या पोरांना हिरवळ, लॅब, ग्राउंड, होस्टेल सगळं राहील आणि आमच्या दुष्काळी भागातल्या पोरांच्या वाट्याला एक लिंक येईल.

माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगते, नाहीतर ते अप्रामाणिकपणाचं होईल. २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली आणि थोड्याच दिवसांत एसटीचा संप सुरू झाला, तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. कॉलेज उघडं आणि पोरांना यायला गाडी नाही. वडापवाले, म्हणजे माणसं भरून नेणारे खासगी जीपवाले, मागतील तेवढे पैसे घेत होते, मुलींना तर घरचे वडापनं पाठवायलाच तयार नव्हते. त्या पाच-सहा महिन्यांत मी रात्री नऊला ऑनलाइन तास घेतले आणि त्यामुळं कितीतरी मुलींचं वर्ष वाचलं. दिवसभराची कामं संपलेली, फोन घरी आलेला, त्या वेळेला चांगली हजेरी असायची. म्हणजे ऑनलाइनशिवाय त्या मुली शिक्षणातून सुटल्याच असत्या. पण त्याच मुलींनी मे महिन्यात एसटी सुरू झाल्यावर काय केलं? प्रॅक्टिकल संपल्यावरसुद्धा शेवटच्या गाडीपर्यंत लायब्ररीत बसून राहायच्या. पंखा, उजेड, शांतता आणि मैत्रिणी.

खर्चाचं म्हणाल तर तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, फीपेक्षा खोली आणि मेस माणसाला मारते. पण त्यावरचा उपाय आपल्या भागानं शंभर वर्षांपूर्वी काढलेला आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापूरला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायला बसवली आणि 'कमवा आणि शिका' म्हणून कष्ट करून शिकायला लावलं. त्यांच्यापुढंही गरीब पोरांना घरी पुस्तकं पाठवून द्यायचा पर्याय होताच की. पण त्यांनी पोरांना घराबाहेर काढलं, कारण घर, भावकी, जात, रानातलं काम या सगळ्यातून पोर काही वर्षं सुटल्याशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही हे त्यांना कळलेलं होतं. विद्यापीठांनी आज पैसा कशावर खर्चावा असं मला कुणी विचारलं तर मी मुलींची होस्टेलं म्हणीन, रात्री दहापर्यंत उघडी लायब्ररी म्हणीन आणि लॅबमधल्या जागा म्हणीन. सॉफ्टवेअर त्याच्यानंतर.

आता तुमच्या मुलीपुरतं. तिला केमिस्ट्री, झूऑलॉजी, बॉटनी, काय आवडतं ते घेऊ दे आणि रेग्युलर बीएस्सीला ॲडमिशन घ्या. बारावीपर्यंत तिचा एसटीचा पास मोफत होता, आता पैसे भरावे लागतील, पण विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत आहे, कॉलेजचं बोनाफाईड घेऊन डेपोत जायचं. महाडीबीटी या सरकारी साइटवर स्कॉलरशिपचा फॉर्म वेळेत भरा, शेवटच्या दिवशी साइट चालत नाही. उत्पन्नाचा दाखला तलाठ्याकडून आणि तहसीलमधून आत्ताच काढून ठेवा. तालुक्याला होस्टेल मिळत असेल तर तिथंच ठेवा, आज्जीला सोबत नाही ही अडचण मला कळते, पण शनिवार-रविवार ती घरी येऊ शकते. वसतिगृह मिळालं नाही तर पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, स्वाधार अशा योजना आहेत, कुठली लागू होते ते कॉलेजच्या ऑफिसात विचारा, आणि 'कमवा आणि शिका'ची जागा असेल तर तिचं नाव पहिल्याच आठवड्यात द्या. ऑनलाइन कोर्स तिला जरूर करू दे, पण एफवायला नको, एसवायपासून, सत्राला एक, आणि एखाद्या मैत्रिणीबरोबर. एनपीटीईएलच्या सर्टिफिकेट परीक्षेला वेगळी फी आहे आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, तेवढी तयारी ठेवा.

आणि पुढच्या वेळी गावी याल तेव्हा कामकाजाच्या दिवशी या, मुलीला घेऊन. सकाळी साडेअकराला एफवायची बॅच लॅबमध्ये असते. अर्धा तास मागं उभं राहून बघा. ॲप्रन एखादा जास्तीचा असतोच, तिला घालायला देऊ आणि त्याच दिवशी एक टायट्रेशन करू दे. मग गाडीत बसल्यावर तिला विचारा, आणि ती म्हणेल ते करा.